कावळ्याला कबूल केलेली दुर्बीण

दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना. तिथे बायका जात नाहीत, त्यामुळे हे मला माझ्या दिरांनी, शरद भावजींनी, घरी आल्यावर सांगितलं. आधी त्यांनी ‘आईला अंतर देणार नाही’ असं म्हणून हात जोडले. कावळे झाडावर बसून राहिले. मग ‘वहिनींचं सगळं नीट बघू’ असं म्हणून पाहिलं. तरी नाही. ऊन चढलं. भटजींना दुसरीकडे जायचं होतं, आणि दर्भाचा कावळा करून उरकून घ्यावं असं ठरत होतं. तेवढ्यात भावजींच्या तोंडून निघून गेलं, ‘दादा, तुझी दुर्बीण पुरी करू.’ आणि एक कावळा खाली उतरला.

सासूबाईंनी हे भिंतीला टेकून ऐकून घेतलं. “वर्षाच्या आत,” असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुर्बिणीचं काय झालं आहे आणि काय राहिलं आहे, हे घरात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माणसं कंटाळून मागे सरकली की कावळा खाली येतो, एवढंच त्यातलं शास्त्र असं मला वाटलं. पण मी ते बोलले नाही. बोलण्याइतकं काही आत उठतच नव्हतं. मी उठून भावजींच्या अंघोळीचं पाणी काढलं.

माझे यजमान केशव बेळगावात एका हायस्कुलात गणित आणि सायन्स शिकवत. मी मुलींच्या शाळेत तेच विषय शिकवत असे. आम्ही दोघंही कोल्हापूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो होतो, आणि लग्नानंतर आमच्यात बोलायला पुष्कळ होतं ते त्यामुळे. दुर्बिणीचा आरसा आम्ही घरीच घासला. सहा इंचांची काच, खाली दुसरी तेवढीच काच, मध्ये कुरुंदाची पूड आणि पाणी. पडवीत एका पालथ्या पिंपाभोवती फिरत फिरत एक अख्खा पावसाळा आम्ही ते घासत होतो. वरचा चांदीचा थर मी चढवला, कारण रसायनं माझ्या हाताला बसली होती. नळी ठळकवाडीतल्या एका पत्र्याच्या कारागिराने करून दिली. राहिली होती ती फक्त बैठक, म्हणजे ज्यावर ती नळी फिरायची ते दोन शाफ्ट आणि त्यांची बेअरिंगं.

त्यासाठीच केशव निपाणीला गेले होते. तंबाखूच्या एका वखारीतला जुना दाबयंत्राचा सांगाडा मोडत होते, त्यात शाफ्ट मिळेल असं कुणीतरी सांगितलं होतं. परत येताना, तवंदीचा घाट चढून आल्यावर, प्रवाशांची सर्व्हिस मोटार एका मोरीच्या कठड्याला धडकली आणि पुढचं डावं चाक मोरीत उतरलं. केशव त्या बाजूला, पुढे बसले होते. बाकी कुणाला फारसं लागलं नाही.

महिन्याने मी शाळेत जाऊ लागले. घरातलं काम करत होते, मुलींना तरफांचे प्रकार शिकवत होते, जेवत होते. कशालाच चव नव्हती, पण ताटात वाढलेलं संपत होतं. भावजींच्या मावशी भेटायला आल्या तेव्हा स्वयंपाकघरात कुणाला तरी सांगत होत्या, “पोरगी रडत नाही गं. गणित शिकलेल्यांना रडायला येत नसेल.” मी बाहेर ताक घुसळत होते आणि मला ते खरंच वाटलं.

चैत्रात मी कामाला लागले.

दुर्बिणीच्या बैठकीला दोन आस लागतात. त्यातला मुख्य आस ध्रुवाकडे रोखलेला हवा, म्हणजे तारा जसा सरकतो तसं त्या एकाच आसाभोवती नळी फिरवत गेलं की तारा नजरेतून सुटत नाही. केशवांनी इंग्रजी मासिकातली एक आकृती जपून ठेवली होती. तिच्यात हा आस चांगलाच उभा होता, आणि सगळं वजन खालच्या टोकाशी एका जाड बेअरिंगवर बसत होतं. केशव तीच आकृती उतरवून घ्यायला निघाले होते. ती विलायतेची आकृती होती. तिथे ध्रुव आकाशात उंच असतो. बेळगावात तो जेमतेम सोळा अंशांवर, समोरच्या घराच्या कौलांना टेकलेला असतो. म्हणजे आपला आस जवळजवळ आडवाच पडणार, आणि वजन टोकाशी न येता मधे येणार. हे मी केशवांना सांगितलं होतं तेव्हा ते हसून म्हणाले, “म्हणजे मोटेच्या चाकासारखं. आपण उगीच साहेबाचं जातं करत होतो.”

सासूबाईंनीही एकदा जात्याचा लोखंडी खिळा काढून माझ्यापुढे ठेवला. हा चालेल का, असं विचारलं. हा खिळा उभा राहून वजन पेलतो, मला आडवा पडून पेलणारा हवा, असं मी सांगितलं. त्यांनी तो उचलून परत नेला. त्या रोज काहीतरी आणून दाखवत. पाळण्याची कडी, दाराची जुनी बिजागरी, विहिरीवरचा गंजका कणा. मुलगा कुठेतरी अडून राहिला आहे आणि तो या वस्तूंपैकी एखादीने सुटेल, असं त्यांच्या मनात होतं. त्या तसं बोलत नसत. पण जेवताना मधेच हात थांबवून विचारायच्या, “किती राहिलं?”

मी शहापुरात मारुतीरावांच्या कारखान्यात जाऊ लागले. कारखाना म्हणजे एक लेथ, एक भट्टी आणि दारात पडलेले उसाच्या चरकांचे भाग. मारुतीराव ऑइल इंजिनं आणि चरक दुरुस्त करत. केशवांशी त्यांची ओळख होती. ते मोठ्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे होते, आणि प्रत्येक वस्तू विकताना ती जगात एकच आहे असं सांगत. पहिल्या दिवशी त्यांनी मला चरकाचा एक जाडजूड शाफ्ट दाखवला आणि सांगितलं की यावर हत्ती बसवला तरी वाकणार नाही.

“वाकलेलाच आहे,” मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. मी तो तिथे आडव्या पडलेल्या खिडकीच्या तावदानाच्या काचेवर ठेवून घरंगळवला. मधे एका जागी खाली उजेड दिसला, मग गेला, मग पुन्हा दिसला.

“आता चंद्र बघायला एवढं सरळ लोखंड कशाला लागतंय बाई?” मारुतीराव म्हणाले. “चंद्रच कुठं लई सरळ चालतोय?”

त्यांच्या कारागिरांना हसू आलं. मला हसायला हवं होतं हे मला कळलं.

शेवटी एक बरा शाफ्ट मिळाला आणि मारुतीरावांनी त्याला गनमेटलच्या दोन बुशा, म्हणजे शाफ्ट आत फिरेल अशा जाड नळ्या, करून दिल्या. शेंदूर तेलात कालवून शाफ्टला लावायचा, बुशीत फिरवायचा, आणि जिथे शेंदूर लागेल तो उंचवटा खरवडायचा, असं करत ते नीट बसवलं. पण त्यावर नळीइतकं वजन टांगल्यावर ते चालेना. बोटाने ढकललं तर शाफ्ट हलत नसे. जोर केला की एकदम सुटून नको तितका पुढे जाई. आरशाने मोठी केलेली प्रत्येक गोष्ट, थरथरसुद्धा, तितकीच मोठी होते. तारा मिनिटभरात नजरेबाहेर जातो, आणि त्याला एका बोटाने परत आणता आलं पाहिजे. मी बुशा सैल करून पाहिल्या, घट्ट करून पाहिल्या, एरंडेल घातलं, चरबी घातली. पावसाळा गेला. मी मारुतीरावांना सांगितलं की याला छर्ऱ्यांचं बेअरिंगच लागेल.

“बेरिंग,” ते म्हणाले. “बाई, लढाई चाललीया. बेरिंग आता फक्त फौजेच्या गाडीला. मला एक गावलं तर मी देव्हाऱ्यात ठेवीन.”

मग त्यांनी चंची उघडली आणि बराच वेळ पान शोधत राहिले. पान समोरच होतं.

“एक हाय तसं,” ते खाली बघून म्हणाले. “निपाणीला. गाडीच्या पुढच्या चाकाचं. धुऱ्यासकट, हबासकट.”

मी विचारलं, त्याच मोटारीचं का?

“व्हय. वखारीमागं आणून टाकल्याली हाय. तुम्ही नका येऊ. मी काढून आणतो.”

“तुम्ही आणाल ते मला परत पाठवावं लागेल,” मी म्हटलं. “मला हात लावून बघायचं आहे.”

घरी शरद भावजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाले की वहिनी, ज्याने दादा गेला तेच लोखंड घरात आणायचं? मावशी काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल? त्यांचा आवाज चढला नव्हता. ते खरोखरच विचारत होते. मला त्या लोखंडाबद्दल काहीच वाटत नव्हतं. काही वाटायला हवं, म्हणून मी थोडा वेळ थांबूनही पाहिलं.

सासूबाईंनी विचारलं, “दुसरीकडे मिळेल?”

“लढाई संपली की मिळेल.”

“म्हणजे वर्षाच्या आत नाही.”

“नाही.”

“मग जा की,” त्या म्हणाल्या. “शरद, तू मधे बोलू नकोस. शब्द तूच दिलायस.”

सुट्टीच्या दिवशी मी आणि मारुतीराव निपाणीला गेलो. मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. मागे लोखंडी पिंप, त्यात धुमसणारा कोळसा, आणि चढ आला की ड्रायव्हर उतरून पिंप ढवळणार. मी पुढे बसले नाही. तवंदीच्या घाटाच्या अलीकडे एका मोरीचा कठडा नवा बांधलेला दिसला. नवे दगड जुन्या दगडांपेक्षा उजळ होते. तेवढ्याच वेळात मारुतीरावांनी माझ्याकडे वळून कोगनोळीच्या एका बैलजोडीची गोष्ट मोठ्याने सुरू केली, आणि मोरी मागे पडल्यावर ती अर्धवटच सोडून दिली. पुढे बैलांचं काय झालं, हे मी विचारलं. ते म्हणाले, विकली.

वखारीच्या अंगणात बायका तंबाखू निवडत बसल्या होत्या. हवेतच ठसका होता. मारुतीरावांना शिंका येऊ लागल्या, तेव्हा त्यातली एक म्हणाली, “पैलवान तंबाखूला भ्याला गं,” आणि सगळ्या हसल्या. मग माझ्या कपाळाकडे बघून त्या खाली मान घालून पुन्हा निवडायला लागल्या. वखारीचा राखणदार भरमू आम्हाला मागे घेऊन गेला. मी कोण ते मारुतीरावांनी त्याला हळूच सांगितलं असावं, कारण तो मोटारीकडे न नेता मला आधी एका पत्र्याच्या आडोशाला घेऊन गेला आणि पोत्यात गुंडाळलेला एक शाफ्ट काढून दिला.

“मास्तरांनी बाजूला ठेव म्हणून सांगितलंतं,” तो म्हणाला. “पुढच्या खेपेला नेतो म्हणालते. मी कुणाला दिला न्हाय.”

मी शाफ्ट वखारीच्या फरशीवर ठेवून घरंगळवला. चांगलं पोलाद होतं, गुळगुळीत. एका टोकाला मात्र किंचित बाक होता. केशव शाफ्ट डोळ्यांनी निवडत. त्यांना चकाकी आवडायची. मी बाक कुठून सुरू होतो तिथे खडूने खूण केली आणि मारुतीरावांना म्हटलं, इथून कापायचा. राहील तेवढा दुसऱ्या आसाला पुरेल. भरमू बघत होता. तो दुखावला आहे असं मला वाटलं.

मोटार चिंचेखाली होती. आतल्या सीटा, काचा, घंटी, जे निघण्यासारखं होतं ते लोकांनी नेलं होतं. पुढचं उजवं चाकही हबासकट, म्हणजे धुऱ्यावर फिरणाऱ्या मधल्या भागासकट, गेलं होतं. राहिलं होतं ते डावं. चाक मोडलं होतं, पण धुरा सरळ दिसत होता. मारुतीराव आणि भरमूने मिळून तो भाग सोडवला. मी हब दोन्ही हातांत धरून हळू फिरवलं. ते अगदी अलगद फिरलं, महिनोन् महिने मला हवं होतं तसं, आणि मग एका जागी बोटांना बारीक ठेच लागली. टक्. पुढे पुन्हा टक्. थोड्या अंतराने पुन्हा. नंतर परत अलगद.

“कचरा असंल,” मारुतीराव म्हणाले. “रॉकेलात धुतलं की जाईल.”

घरी आल्यावर मी ते पडवीत, ज्या पिंपावर आरसा घासला होता त्याच पिंपावर ठेवून उघडलं. आतलं लहान बेअरिंग स्वच्छ होतं. मोठं बेअरिंग मी रॉकेलने धुतलं, छर्रे एकेक पुसून ताटलीत ठेवले. छर्ऱ्यांना काही झालं नव्हतं. मग ज्या कड्यांमधून ते धावतात ती कडी मी उजेडात तिरपी धरली. बाहेरच्या कड्यात, एका बाजूला, ओळीने खळगे होते. उथळ, गोल, तिळाएवढे, सारख्या अंतरावर. आतल्या कड्यावर, धुऱ्याच्या खालच्या अंगाला, त्यांचे जोडीदार. दोन खळग्यांमधलं अंतर दोन छर्ऱ्यांमधल्या अंतराइतकंच होतं.

बेअरिंग झिजतं तेव्हा सगळीकडून झिजतं. असं होत नाही. हे एकाच वेळी, एकाच धक्क्याने होतं. चाक थांबतं, वरचं सगळं वजन थांबत नाही, आणि त्या क्षणी छर्रे जिथे असतील तिथे पोलादात रुततात.

मी कडं खाली ठेवलं आणि हात धुतले.

शरद भावजी आले. त्यांनी वाकून बघितलं. काय आहे ते मी सांगितलं. ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “फेकून द्या हे. मी फेकून येतो.” मारुतीरावांचंही तेच म्हणणं होतं, वेगळ्या कारणाने. खळगे पडलेलं बेअरिंग म्हणजे मोड, दुसरं काही नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “फिरतं का?”

“फिरतं. एका जागी अडतं.”

“कुठे?”

मी त्यांचा हात धरून त्यांचं बोट कड्याच्या आत ठेवलं. त्यांना आधी काही कळलं नाही, मग बोट पहिल्या खळग्यात गेलं. त्यांनी ते पुढच्या खळग्यापर्यंत नेलं, आणि परत मागे आणलं.

“हे त्या दिवसाचं?”

“हो.”

“घासून जाईल?”

“नाही. पोलाद कडक आहे. घासलं तर सगळंच बिघडेल.”

त्यांनी बोट लगेच काढलं नाही. भावजी आत निघून गेले. थोड्या वेळाने सासूबाईंनी पदराला बोट पुसलं आणि दिवेलागणी झाली म्हणून त्याही आत गेल्या.

वर्ष संपायला फार दिवस उरले नव्हते. मी ते बेअरिंग फेकलं नाही, पण त्याचं काय करायचं हेही मला सुचत नव्हतं. शाळेतून आले की ते जोडून फिरवत बसायची. टक्, टक्, मग अलगद. चांगला भाग पुष्कळ होता. वाईट भाग थोडाच होता, पण तो कुठे जात नव्हता.

एका सकाळी मी न्हाणीघरात पाणी तापायची वाट बघत होते. भिंतीतल्या जाड खुंटीला बादलीचं जुनं लोखंडी कडं टांगलेलं होतं. ते कित्येक वर्षं तिथेच होतं. कडं खुंटीला फक्त वरच्या बाजूला टेकलं होतं. खाली, खुंटी आणि कडं यांच्यामध्ये, मोकळी जागा होती.

मोटारीत याच्या उलट असतं. तिथे गाडीचं वजन घेऊन धुरा वरून दाबतो आणि चाकाच्या हबात खालच्या बाजूला टेकतो. म्हणून खळगे खाली पडले. माझ्या बैठकीत धुरा खांबाला पक्का असणार, आणि हब नळीचं वजन घेऊन त्यावर टांगलेलं असणार, या कड्यासारखं. वजन वरच्या बाजूला येणार. धुरा मोटारीत होता तसाच, खळगे खाली ठेवून बसवला, तर त्या खळग्यांवर भारच येत नाही. राहिले हबातले खळगे. हब फिरणार, तेव्हा तेही फिरणार. पण दुर्बिणीला चाकासारखा पूर्ण फेरा घ्यावा लागत नाही. पूर्वेच्या क्षितिजापासून पश्चिमेच्या क्षितिजापर्यंत, अर्धा फेरा, बस. हबाची सुरुवात नीट ठरवली तर तेवढ्या फिरण्यात ते खळगे कधीच वर, भाराखाली, येत नाहीत.

आस आडवा आहे म्हणून हे जमत होतं. विलायतेच्या आकृतीत जमलं नसतं.

पाणी उकळून सांडायला लागलं तेव्हा मी भानावर आले.

मारुतीरावांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा ऐकलं. मग एका खिळ्याला वायसर अडकवून स्वतः खात्री केली. “बाई, म्हंजे खोट हाय ती हायच,” ते म्हणाले. “फकस्त तिच्या अंगावर कुणी बसायचं न्हाय.” त्यांनी हबाला एक आडवी पट्टी, जिथे मोटारीचं चाक असायचं तिथेच, पक्की केली, म्हणजे वजन दोन्ही बेअरिंगांच्या मधे येईल. केशवांचा शाफ्ट कापून दुसऱ्या आसाला बसवला. त्या आसाला फार फिरावं लागत नाही, म्हणून आधीच्या गनमेटलच्या बुशा तिथे चालल्या. हबातले खळगे कुठे आहेत हे बाहेरून कळावं म्हणून मी तेवढ्या भागावर शेंदराने रेघ ओढली, आणि रेघ वर यायच्या आत हब अडावं अशी एक पोलादी खीळ मारुतीरावांकडून बसवून घेतली.

अंगणात विटांचा खांब उभा केला. भर दुपारी ओळंब्याच्या दोरीची सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा ती उत्तर-दक्षिण पडते. त्या रेघेवर सागवानी पाचर ठेवून, सोळा अंशांना किंचित कमी, धुरा तिच्यावर जखडला. नळीच्या विरुद्ध बाजूला तोलासाठी वजन हवं होतं. सासूबाईंनी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणून दिला. या वेळी मी तो ठेवून घेतला. कमी पडलं तेवढं बिडाचं लोखंड मारुतीरावांनी दिलं.

माघातल्या शुद्ध षष्ठीला, दिवेलागणीच्या आधी, चंद्र चांगला वर होता आणि आकाशात अजून उजेड होता. मी नळी त्याच्याकडे वळवली. मग सासूबाईंना बोलावलं. त्या पदर सावरून वाकल्या, आणि बराच वेळ त्यांना काहीच दिसेना, कारण त्या दोन्ही डोळे मिटून घेत होत्या. मी त्यांचा एक डोळा माझ्या हाताने झाकला.

त्या आणखी पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, “जातोय हा. निघून जातोय बाजूला.”

“एका बोटाने ढकला. हळू.”

त्यांनी ढकललं. हब अलगद फिरलं. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे चंद्र परत आला होता. तो पुन्हा सरकला असावा, कारण त्यांनी पुन्हा ढकललं. मी बाजूला उभी राहून शेंदराची रेघ बघत होते. ती खालीच होती. शरद भावजी आले आणि त्यांनीही पाहिलं. मग ते खांबाकडे पाठ करून, डोळे पुसत, चिंध्या गोळा करू लागले.

सासूबाईंनी विचारलं, “आता काय राहिलं?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. नळीला झाकण नव्हतं. लोखंडाला रंग नव्हता. नेम धरायची छोटी नळी बसवायची होती, आणि दुसऱ्या आसाचा स्क्रू मधूनच सैल होत होता. यातलं काहीही सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं, आणि मला त्यात आणखी किती महिने तरी घालवता आले असते. केशवांचं घरात उरलेलं काम एवढंच होतं. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या.

“काही नाही,” मी म्हटलं. “झालं.”

त्या म्हणाल्या, “बरं.” आणि तिथेच पायरीवर बसल्या.

वर्षश्राद्धाला मंडळी जमली. दुपारी शरद भावजी आणि भटजी काकबळीचं पान घेऊन मागच्या परसात गेले. सासूबाई त्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पानं मांडून झाली होती, वाढायला वेळ होता. मी पुढच्या अंगणात आले. नळी काढून घरात ठेवली होती, त्यामुळे खांबावर नुसती बैठक होती. लोखंड उन्हाने तापलं होतं.

मी अडसराची खीळ उपसून काढली, हबावर वरून हाताने भार दिला आणि ते फिरवलं. पश्चिमेच्या क्षितिजापर्यंत अलगद गेलं. तिथून पुढे जायचं काही कारण नव्हतं. मी पुढे नेलं. शेंदराची रेघ वर आली. बोटांना टक् लागलं. मी हाताचा भार काढला नाही. पुन्हा लागलं, थोड्या अंतराने पुन्हा. शेवटचा खळगा आला तिथे मी थांबले. हब त्यात बसून राहिलं, आणि माझे हात थरथरत आहेत हे मला लोखंडातून कळलं.

मागून भावजींनी हाक मारली, “वहिनी, शिवला. ठेवल्या ठेवल्या शिवला.” मग सासूबाईंचा आवाज आला. त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही.

मी हब परत आणलं, खीळ बसवली. मग तोंडावर पाणी मारलं आणि वाढायला आत गेले.